तापलेला लॅपटॉप चार्जिंग का नाकारतो?

लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाही इतका गरम, अडॅप्टर लावलेला, आणि पडद्यावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. अशा वेळी बहुतेक जण आधी नवा अडॅप्टर घेतात, त्याने भागलं नाही की नवी बॅटरी. पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. तापणं आणि चार्ज न होणं हे पुष्कळदा दोन वेगळे बिघाड नसतात. यंत्र नेमकं कुठे तापतंय हे आधी हाताने पाहिलं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तेव्हापासून तिचा उष्णतेशी असलेला तंटा काही मिटलेला नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन धन बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघतात आणि ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. ग्रॅफाइटवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा असतो. इलेक्ट्रोलाइट (सेलमधला आयन वाहून नेणारा द्राव) आणि ग्रॅफाइट यांची झटापट तो रोखून धरतो. तापमान वाढलं की हा पापुद्रा जाड होत जातो, त्यात लिथियम कायमचं अडकतं आणि क्षमता घटते. त्याच वेळी इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू तयार होतो. भरत आलेला सेल सर्वांत जास्त व्होल्टेजवर असतो, बहुधा ४.२ ते ४.४ व्होल्ट. या अवस्थेत उष्णता मिळाली की हे सगळं आणखी वेगाने घडतं.

म्हणून बॅटरी पॅकमध्ये सेलला चिकटवलेला एक थर्मिस्टर असतो. तापमानाप्रमाणे रोध बदलणारा हा छोटा घटक पॅकमधल्या नियंत्रक चिपला सतत खबर देत असतो. चार्जिंगची मुभा साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत असते, वापरण्याची मात्र ६० अंशांच्या आसपासपर्यंत. उत्पादकानुसार हे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण दोन मर्यादांमधलं अंतर सगळीकडे असतं. तापलेला लॅपटॉप बॅटरीवर व्यवस्थित चालतो आणि चार्ज मात्र होत नाही, त्याचा उलगडा या अंतरात आहे. हा बिघाड नव्हे, बॅटरीने स्वतःचा केलेला बचाव आहे.

आता पुण्याचा मे महिना घ्या. हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या नोंदीत पारा चाळिशीला टेकलेला असतो. गच्चीच्या स्लॅबखालच्या खोलीत दुपारी तीन वाजता हवाच ३७ अंश असेल, तर बॅटरीला ४५ गाठायला फक्त आठ अंश चढायचे असतात. शेजारचा प्रोसेसर जोरात काम करत असेल तर ते सहज होतं. जानेवारीत नीट चार्ज होणारा लॅपटॉप मे महिन्यात अडून बसतो, तो यामुळे.

म्हणून पहिली परीक्षा ही: लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, स्लीपवर नको. अडॅप्टर काढा, झाकण उघडं ठेवून टेबलावर पंख्याखाली अर्धा ते पाऊण तास राहू द्या. फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका. बाहेर काढताच आतल्या सर्किटवर बाष्प जमतं, पावसाळ्यात तर हमखास. गार झाल्यावर बंद अवस्थेतच अडॅप्टर लावा आणि वीस मिनिटांनी सुरू करून टक्केवारी पाहा. वाढली असेल तर अडॅप्टर, जॅक आणि बॅटरी तिन्ही काम करताहेत, शत्रू उष्णता आहे. गार असूनही वाढली नसेल तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर आहे. खर्च करण्याआधी ही परीक्षा केलीच पाहिजे.

गार असूनही आकडा बरोबर ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी जपण्याची मर्यादा चालू आहे का ते बघा. ती असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आणखी एक बिनखर्ची उपाय म्हणजे अडॅप्टर काढून, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरणं. चार्जिंग सांभाळणारी मदरबोर्डवरची चिप कधीकधी अडकते, ती यामुळे नव्याने सुरू होते.

उष्णता कीबोर्डच्या वरच्या भागात आणि गरम हवा सोडणाऱ्या जाळीपाशी असेल तर प्रश्न थंडाव्याचा. प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. यंत्र मंद होतं, पंखा ओरडत राहतो, आणि तीच उष्णता बॅटरीपर्यंत झिरपते. पुण्यात सतत कुठे ना कुठे बांधकाम किंवा खोदकाम चालू असतं. ती बारीक धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू यांचा नमद्यासारखा थर पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या पात्यांच्या मधोमध बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे तो लक्षातच येत नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर हा थर बऱ्याचदा आणखी आत जातो. तळ उघडून काढलेलाच बरा.

उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा आणि मगच हवा मारा. मोकळा पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं. लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदला. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे छापलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट्या क्रमाने आणि थोडं थोडं करून. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. नवी पेस्ट लहान चिपला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. लांबट चिपवर बारीक रेघ ओढा. पेस्टचं काम धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरण्याचं आहे, तिचा जाड थर उष्णता अडवतो. शेजारच्या चिपांवर रबरासारखे थर्मल पॅड असतात. त्यांच्या जागी पेस्ट लावणं ही आम्हाला सर्वांत वाईट वाटणारी घाई आहे. तिथली फट अर्धा ते दीड मिलिमीटरची असते, पेस्ट ती भरू शकत नाही आणि त्या चिपा जळू शकतात.

उष्णता पिन घुसते तिथेच एकवटलेली असेल तर कारण वेगळं. ६५ वॉटचा अडॅप्टर १९.५ व्होल्टला सुमारे ३.३ अँपिअर देतो. जॅक सैल होऊन जोडाचा रोध अर्धा ओह्म झाला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्या एका टोकावर साडेपाच वॉट उष्णता तयार होते. एवढी उष्णता मिलिमीटरभर जागेत प्लास्टिक वितळवायला पुरेशी आहे. उष्णतेने पितळी पट्टी आणखी ढिली होते, रोध वाढतो, आणि हे चक्र पुढे सरकतं. पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल, किंवा पिन काळवंडली असेल, तर वापर थांबवून जॅक बदलून घ्या. काही कंपन्यांच्या जॅकमध्ये मधली बारीक पिन अडॅप्टरची ओळख पटवण्यासाठी असते. ती तुटली किंवा केबलमधली तिची तार गेली, तर लॅपटॉप चालतो, वेग उतरतो आणि बॅटरी अजिबात चार्ज होत नाही. नवी बॅटरी टाकून इथे काहीही बदलणार नाही.

गोल पिनचा अडॅप्टर मल्टिमीटरवर मोकळा असताना लेबलवरच्या आकड्याजवळ वाचन द्यायला हवा. टाइप-सीची गोष्ट निराळी. लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या पुढे जात नाही, त्यामुळे मल्टिमीटरचं वाचन दिशाभूल करतं. फोनचा ३० वॉटचा चार्जर लावला की टक्केवारी वाढण्याऐवजी उतरू शकते. व्हिडिओ कॉल आणि जड काम एकत्र चालू असेल तर ४०-५० वॉट तिथेच खर्च होतात आणि बॅटरीकडे काही उरत नाही. अडॅप्टर स्वतःही साधारण दहा टक्के वीज उष्णतेत घालवतो. गादीवर उशीखाली पडलेला अडॅप्टर अतितापाने स्वतःच बंद होतो. तो फरशीवर ठेवा.

राहिली तळहात टेकतो तिथली, टचपॅडखालची उष्णता. टचपॅड वर आलेला, तळाचं झाकण फुगलेलं, लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो: बॅटरी फुगली आहे. वायूने भरलेल्या या पिशव्या दाबू नका, टोचू नका. अडॅप्टर लगेच काढा आणि लॅपटॉप बंद करा. दुसरी बॅटरी घेताना पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त पॅकवरही वॉट-तास पडताळा. ११.४ व्होल्ट गुणिले ३.६ अँपिअर-तास म्हणजे ४१ वॉट-तास. लेबलवर तेच व्होल्टेज, तेवढेच अँपिअर-तास आणि खाली भलताच आकडा असेल तर ते लेबल विश्वासाचं नाही.

काढलेल्या फुगक्या बॅटरीच्या कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लावा. ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घरातल्या लाकडी सामानापासून दूर ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थाही ई-कचरा घेते. घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात ती टाकू नका: कचरा दाबला जाताना सेल चिरडला की पेट घेतो, आणि तिथे हाताने कचरा वेगळा करणारी माणसं उभी असतात.