प्रादेशिक आराखडा चळवळ, गोवा

किनारी व खाडीकाठच्या गावांनी जमीनवापराच्या नियोजनात ग्रामसभेला अधिकार मिळावा म्हणून गोव्यात चालवलेली चळवळ. बांधकामाला सरसकट विरोध हा तिचा हेतू नव्हता. गावाचे पाणी, शेती आणि रस्ते यांना पेलेल तेवढेच बांधावे, अशी तिची मागणी राहिली.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार मूळ गावकारीत, म्हणजे गावाची जमीन सामूहिकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत (पोर्तुगीज अमदानीतील कोमुनिदाद) आहे. नदीमुखाजवळची खारी जमीन बांध घालून लागवडीखाली आणणे, म्हणजे खाजन, हे गावकारीचे सामूहिक काम होते. बांधातील मानशीचे (पाणी अडवण्या-सोडण्याच्या मोरीचे) लाकडी दार भरतीच्या दाबाने मिटते व ओहोटीला उघडते. त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही आणि पावसाचे पाणी निघून जाते. बांध फुटला की नुकसान एकाचे न होता साऱ्या खाजनाचे होई, म्हणून देखभालीचे नियमही सामायिक होते. कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात अशाच शेतात पिकते. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा या राजाच्या बांदिवडे ताम्रपटात (साधारणतः सहावे-सातवे शतक) अशा जमिनीचा उल्लेख असल्याचे मानले जाते. खाजने तीन हजार वर्षांपूर्वीची असावीत असेही सांगितले जाते. मात्र त्याला कोरीव लेखांचा आधार नाही. शिवाय गावकारीत मत देण्याचा हक्क मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांपुरता होता. आजची ग्रामसभा सर्व प्रौढ मतदारांची आहे, हा फरक या मताचे पुरस्कर्ते सहसा सोडून देतात.

दुसऱ्या मताप्रमाणे चळवळीची सुरुवात १९७० च्या दशकातील रापणकरांच्या (रापण हे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या) आंदोलनात शोधावी. यांत्रिक ट्रॉलरांविरुद्धच्या या लढ्यात मातान्ही साल्ढाणा पुढे होते. १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्यानंतर आला. किनारा ही उपजीविकेची जागा आहे आणि तिच्या वापराला मर्यादा हवी, हा युक्तिवाद येथे प्रथम जाहीरपणे मांडला गेलेला दिसतो. उपलब्ध पुराव्याला हे मत अधिक जुळते. भरतीरेषेपासून ५०० मीटर पट्टा मोकळा ठेवण्याविषयी इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र आणि फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना यांनी पुढील वादांना कायद्याची भाषा पुरवली.

प्रत्यक्ष ठिणगी पडली ती २००६ मध्ये. १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली राज्यातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्टमध्ये अधिसूचित झाला. त्यात शेती, बागायत व डोंगरउतार मोठ्या प्रमाणात वसाहत क्षेत्रात, म्हणजे बांधकामास मोकळ्या क्षेत्रात, दाखवले होते. डिसेंबरात गोवा बचाव अभियान स्थापन झाले, डॉ. ऑस्कर रिबेलो त्याचे निमंत्रक होते. जानेवारी २००७ मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा रद्द करण्याची घोषणा केली.

त्यानंतरचे काम मोर्च्यांइतके गाजले नाही, पण महत्त्व त्यालाच अधिक द्यावे लागेल. ‘आराखडा २०२१’ साठीच्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व नगररचनाकार एडगर रिबेरो होते. मसुद्याचे गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवून सूचना मागवण्यात आल्या. आपले शेत, तळे वा पायवाट नकाशावर कोणत्या रंगात आहे, हे पाहण्याची संधी त्यामुळे गावकऱ्यांना मिळाली. वने, खारफुटी, जलाशय, भातशेती व खाजने ‘इको-१’ या वर्गात बांधकामापासून राखून ठेवली गेली. बागायती व लागवडयोग्य जमिनी ‘इको-२’ मध्ये आल्या.

हा आराखडा २०१२ मध्ये स्थगित झाला व २०१८ मध्ये पुन्हा अंमलात आला. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १६ब ने, आणि २०२३ च्या कलम १७(२) ने, एकेका भूखंडाचे वापर-क्षेत्र (उदा. शेतीचे वसाहत) बदलण्याची वाट मोकळी केली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालील नियम रद्द ठरवले. असाच क्षेत्रबदल करू देणाऱ्या २०२४ च्या कलम ३९अ वरील वाद हा त्याच तंट्याचा पुढचा भाग आहे.