वर्गणीदारांपासून व्हॉट्सॲपपर्यंत: मराठी लेखक आपलं पुस्तक कसं विकत आलाय

हल्ली दर डिसेंबरात, पुणे पुस्तक महोत्सव वगैरे जवळ आला की एक चर्चा हमखास सुरू होते. लेखक रील टाकतात, स्टॉलवर उभं राहून सह्या करतात, ग्रुपवर 'सवलतीत मिळेल, जीपे करा' असे मेसेज फिरवतात, आणि मग कुणीतरी ज्येष्ठ म्हणतातच की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, लेखकाने लिहावं, विकणं हे प्रकाशकाचं काम. आता ही 'आमची वेळ' नेमकी कुठली हे शोधायला गेलं तर ती फार फार तर पन्नास-साठ वर्षांची निघते. त्याच्या आधी बहुतेक मराठी लेखक स्वतःच छापत होते, स्वतःच जाहिरात करत होते आणि स्वतःच गिऱ्हाईक शोधत होते, आणि त्यात कुणाला लाज वाटल्याचं दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रकाशक नावाचा वेगळा माणूस मराठीत जवळजवळ नव्हताच. छापखानेवाला होता, सरकारी बुक डेपो होता आणि ग्रंथकर्ता होता. शाळाखात्याने पुस्तक घेतलं तर प्रश्न मिटला, कारण तेवढा मोठा गिऱ्हाईक दुसरा कुणी नव्हता. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे त्या फंडातून १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी निघाली, ती मराठी पुस्तकांना बक्षीस द्यायची, पण ते बक्षीस कुणाला मिळणार हे कमिटीत कोण बसलंय त्यावर. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक कमिटीकडे पाठवलं आणि ते नाकारलं गेलं, त्यावर त्यांनी पुढे 'गुलामगिरी'त कमिटीतल्या भट मंडळींना चांगलंच झोडपलंय.

ज्याला ना शाळाखातं ना कमिटी, त्याच्यासाठी वर्गणीदार. म्हणजे वर्तमानपत्रात नोटीस द्यायची की अमुक ग्रंथ छापायचा विचार आहे, आगाऊ वर्गणी देणाऱ्याला इतक्याला, मागाहून घेणाऱ्याला तितक्याला, मग पुरेशी नावं जमली की छपाईला हात घालायचा आणि पुस्तकाच्या शेवटी त्या आश्रयदात्यांची यादी गावासकट छापायची. आज ह्याला प्री-बुकिंग म्हणतात आणि वर नवी आयडिया म्हणून सांगतात. जुन्या पुस्तकांची पहिली पानं बघितली तर १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंद केल्याचं लिहिलेलं असतं, सर्व हक्क ग्रंथकर्त्याकडे असल्याचं असतं, कधी कधी तर ज्या प्रतीवर ग्रंथकर्त्याची सही नाही ती चोरीची समजावी अशी तंबीही असते. सही तेव्हा आठवण म्हणून नव्हती, पैसे बुडू नयेत म्हणून होती.

आणि आपण ज्याला आज अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, अध्यक्ष कोण, भाषणात काय बोलले, कोण रुसलं वगैरे, त्याची सुरुवातच मुळी ह्या पुस्तकांच्या प्रश्नातून झाली. लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी फेब्रुवारी १८७८ मध्ये 'ज्ञानप्रकाश'मधून ग्रंथकारांना एकत्र येण्याचं आवाहन केलं, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पुण्यात हिराबागेत रानड्यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. नाव ग्रंथकार सभा. ग्रंथप्रसार कसा वाढवायचा, ग्रंथकारांना उत्तेजन कसं द्यायचं, हे तिथले विषय. त्यामुळे आज संमेलनात मांडवापेक्षा ग्रंथप्रदर्शनात जास्त गर्दी असते म्हणून जे हळहळतात त्यांना सांगावंसं वाटतं की बाबांनो, मूळ काम तेच होतं.

दुसऱ्या सभेचं, १८८५ च्या, आमंत्रण फुल्यांना गेलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला, ह्या ग्रंथकारांना 'घालमोडे दादा' म्हणणारं ते पत्र प्रसिद्धच आहे. पण त्यांचा स्वतःचा मार्ग काय होता हे कमी सांगितलं जातं. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्याचे सुरुवातीचे दोन भाग 'दीनबंधु' साप्ताहिकात आले आणि पुढचं छापायचं राहिलं, पुस्तक म्हणून तर ते त्यांच्या हयातीत निघालंच नाही. मग ह्या माणसाने हस्तलिखित घेऊन गावोगाव वाचून दाखवलं, मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर असं, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते त्यांच्या तोंडून अथपासून इतिपर्यंत ऐकलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं, तेव्हा जाहिरात आणि वाचन वेगळं करताच येत नव्हतं.

पण माझ्या मते त्या शतकात पुस्तक विकण्याची खरी हुशारी कुणाची असेल तर ती पंडिता रमाबाईंची, आणि ह्या बाजूने त्यांच्याकडे फारसं कुणी बघतच नाही. १८८२ मध्ये त्यांचं 'स्त्रीधर्मनीति' आलं. नवरा गेलेला, पदरात लहान मुलगी, आणि इंग्लंडला शिकायला जायचं होतं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचा खर्च निघाला आणि १८८३ मध्ये त्या बोटीत बसल्या. म्हणजे एका मराठी पुस्तकाच्या पैशावर विलायतेचं तिकीट! पुढे १८८६ मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच राहिल्या, आणि १८८७ मध्ये त्यांनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक काढलं. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची प्रस्तावना, अर्पण स्वतःच्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीला. आनंदीबाईही तोवर गेल्या होत्या. मग व्याख्यानांचा दौरा, शहर ते शहर, चर्चमध्ये, बायकांच्या क्लबात, आणि जिथे व्याख्यान तिथे पुस्तक. हजारो प्रती गेल्या. बॉस्टनला त्यांच्या कामाला पैसा पुरवणारी रमाबाई असोसिएशन उभी राहिली, गावोगाव तिची सर्कल, म्हणजे मदत मंडळं, निघाली, आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पुस्तक कशासाठी विकतेय हे बाईंना पहिल्या पानापासून माहीत होतं, आणि शेवटच्या प्रकरणात त्यांनी मदतीचं आवाहनही सरळ केलंय, आडपडदा नाही. आजचे मार्केटिंगवाले ज्याला कम्युनिटी बांधणं म्हणतात ते ह्या बाईने परक्या देशात, परक्या भाषेत करून दाखवलं. ह्यावर कुणी वर्कशॉप घेत नाही याचं मला नवल वाटतं.

इकडे तोवर टपाल खात्याने लेखकांचं एक मोठं काम सोपं करून ठेवलं होतं. १८७७ पासून व्ही.पी. सुरू झाली, म्हणजे पुस्तक पोचलं की पोस्टमन पैसे घेणार आणि ते लेखकाला मिळणार. त्यामुळे ज्या गावात पुस्तकांचं दुकान नाही तिथेही गिऱ्हाईक मिळायला लागलं, आणि नुसत्या जाहिरातीवर धंदा करता यायला लागला. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठावरचं ते 'टपालहंशील निराळे', म्हणजे टपालखर्च वेगळा, आठवा. व्ही.पी. परत आली की मात्र दोन्हीकडचा खर्च लेखकाच्या डोक्यावर, आणि परत पाठवणारे महाभाग तेव्हाही कमी नसणार.

विसाव्या शतकात ह्या वर्गणीदार पद्धतीचं सगळ्यात मोठं धाडस केलं श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. कॉर्नेलची पीएचडी घेऊन आलेला माणूस, आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणून १९१६ च्या सुमारास नागपुरात उभी केली चक्क लिमिटेड कंपनी, महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ. शेअर विका, ग्राहक नोंदवा, एजंट नेमा, आणि त्यातून लिहिणाऱ्यांचे पगार काढा. एकही खंड छापलेला नसताना लोकांकडे मोठ्या ग्रंथाचे पैसे मागायचे, तेही अशा समाजात जिथे विद्वानाने पैशाचं नाव काढलं की भुवया वर जातात. लोक त्यांना वेडा म्हणायचे, काही लबाडही म्हणायचे. पण तेवीस खंड १९२० च्या दशकात पुरे झाले. नंतर त्यांनी ह्या सगळ्यावर 'माझें बारा वर्षांचें काम' म्हणून एक पुस्तकच लिहिलं, त्यात विद्वत्तेइतकीच धंद्याची हकिगत आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं पुस्तक काढायला निघालेल्या प्रत्येकाने आधी ते वाचावं. मराठी ज्ञानकोश जमला म्हणून गुजराती काढायला गेले, तो मात्र तडीस गेला नाही, आणि १९३७ मध्ये ते गेले तेव्हा हालाखीच होती.

त्याच काळात पुण्यात कवींनी वेगळीच युक्ती काढली. १९२३ चं रविकिरण मंडळ, माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी, ह्यांनी आपले संग्रह मंडळाच्याच नावाने काढले आणि ठिकठिकाणी काव्यगायन करून कविता लोकांच्या कानावर घातल्या. ऐकलेली कविता मग माणूस विकत घेतो हा हिशोब साधा होता. अत्र्यांनी १९२५ च्या 'झेंडूची फुले'त ह्याची यथेच्छ टिंगल केली, पण टिंगलीने खप कमी झाला असेल असं वाटत नाही, उलटच. तिकडे मुंबईत र. धों. कर्वे संततिनियमनावरची पुस्तकं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक जवळजवळ एकहाती चालवत होते, लेखक तेच, संपादक तेच, हिशोब तेच बघणार. असल्या विषयाला हात लावायला दुसरं कोण तयार होतं!

मग ती 'आमची वेळ' आली. पुण्या-मुंबईत प्रकाशनसंस्था स्थिरावल्या, साक्षरता वाढली, स्वातंत्र्यानंतर गावोगाव वाचनालयं झाली आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने त्यांना अनुदान मिळायला लागलं. ह्या कायद्याचा परिणाम फार मोठा आहे, कारण पहिली हजार-अकराशेची आवृत्ती छापायची आणि त्यातला मोठा वाटा ग्रंथालयांना घालायचा असं गणित बसलं. वाचक विकत घेतो की नाही ह्याची फिकीर कमी झाली. लेखकाला विक्री दिसेनाशी झाली ती इथे, आणि मग विकणं कमीपणाचं वाटायला लागलं तेही इथेच.

तरी त्या काळातही लोकप्रिय लेखक गप्प घरी बसले नव्हते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला गावोगाव गेले. विंदा, बापट, पाडगावकर कविता वाचत फिरले. व. पु. काळ्यांच्या कथांच्या कॅसेट घराघरात वाजल्या. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी पुस्तकाच्या पैशासाठी भायखळ्याच्या बाजारात कोथिंबीर विकल्याचा किस्सा तर बहुतेकांना पाठ असतो. ह्या कुणाला कुणी सेल्समन म्हटलं नाही, कारण व्यासपीठ होतं, हार होता, आयोजकांची गाडी होती.

आणि ज्यांना हार नव्हता त्यांचं काय? आंबेडकरी जलशांपासून भीमगीतांच्या छोट्या पुस्तिका गाणाऱ्याकडूनच विकल्या जायच्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून जी पुस्तकं विकली जातात, त्यात स्वतः लेखकच बसलेला असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मराठीतला हा एवढा मोठा पुस्तकबाजार मुख्य प्रवाहाच्या चर्चेत कित्येक वर्षं मोजलाच गेला नाही. १९७० च्या दशकात दोन गोष्टी जवळपास एकदमच झाल्या. मुंबईतल्या कवींनी मिळून क्लिअरिंग हाउस ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि त्यातून १९७६ मध्ये अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' आलं. 'ग्रंथाली'ने वाचकांनाच सभासद करून स्वस्तात पुस्तक घरपोच करायची चळवळ उभी केली, दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये तिथूनच आलं. वर्गणीदार परत आले असं म्हणा हवं तर, फक्त ह्या वेळी पुढाकार वाचकांच्या बाजूने होता.

पुढचं आपल्या डोळ्यांसमोरचंच आहे म्हणून फार लांबवत नाही. ऑनलाइन दुकानं आली, डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर अधिकृतपणे मराठी आलं, प्रतिलिपीसारख्या ॲपवर लोक थेट कथा लिहायला लागले, प्रिंट ऑन डिमांडमुळे शंभर प्रतीही छापता यायला लागल्या. त्याच वेळी लेखकाकडूनच पैसे घेऊन छापणारे 'प्रकाशक' पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. त्यांच्याकडे छपाई बरी असते, वितरण शून्य असतं, आणि खोकी येऊन पडतात लेखकाच्या पलंगाखाली.

पैशाचं गणित एकदा मांडून बघा म्हणजे लेखक स्वतः का विकतो ते कळेल. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के धरली तर दुकानात विकल्या गेलेल्या प्रतीमागे ३० रुपये, तेही वर्षाअखेर हिशोब आला तर. तेच पुस्तक लेखकाने प्रकाशकाकडून चाळीस टक्के सवलतीत १८० ला घेतलं आणि ओळखीच्या वाचकाला २५० ला दिलं तर ७० रुपये, लगेच, यूपीआयवर. वर कुणी घेतलं हे कळतं, पुढच्या पुस्तकाला त्याच लोकांना सांगता येतं. पाठवायचा खर्च मात्र ह्यातूनच जातो, आणि तिथे मध्यंतरी चांगलाच फटका बसला होता, डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर बुकपोस्ट सेवा बंद केली तेव्हा छोटे प्रकाशक आणि स्वतः पार्सल बांधणारे लेखक दोघेही ओरडले. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जाडजूड कादंबरी ३०० ग्रॅममध्ये बसत नाही, कवितासंग्रह बसतो.