रिव्हॉल्व्हरवर स्कोप बसवण्याआधी
(प्रेअरी डॉगच्या शिकारीला निघालेल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

डेन्व्हरहून पूर्वेकडे निघालं की डोंगर पाठीमागे राहतात आणि कोलोरॅडोचं सपाट गवताळ रान सुरू होतं. मधूनमधून मातीचे उंचवटे, आणि उंचवट्यावर पुढचे पाय छातीशी घेऊन उभा असलेला एखादा प्रेअरी डॉग. नावात डॉग असला तरी कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. हा खारीच्या कुळातला, दोन-तीन पौंडांचा, बिळं करून वसाहतीत राहणारा प्राणी. गुरांचं गवत खातो, रान पोखरतो, म्हणून रँचवाले त्याला उपद्रवी मानतात. अशा उपद्रवी जनावरांना इथे सरसकट 'व्हार्मिंट' म्हणतात.

रायफलीने हे काम बरंच सोपं आहे. ते रिव्हॉल्व्हरनेच करायचं असा हट्ट धरणारे थोडे, आणि तेच आमचे गिऱ्हाईक. आमचं दुकान स्कोप (नेम धरायची छोटी दुर्बीण), माउंट (ती हत्यारावर बसवायची बैठक) आणि ते बसवून देण्याचं आहे. रिव्हॉल्व्हर आम्ही विकत नाही, त्यामुळे अमुकच घ्या असं सांगून आमच्या पदरात काही पडत नाही. खाली लिहिलंय ते त्या हिशेबाने वाचा.

'लांब' म्हणजे किती?

दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो: "बारा पटीचा, म्हणजे बारा पट मोठं दाखवणारा, स्कोप आहे का?" आम्ही उलट विचारतो, शंभर यार्डांवर तुमच्या पाच गोळ्या केवढ्या वर्तुळात बसतात? बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं.

उभा राहिलेला प्रेअरी डॉग फूटभर उंच दिसला तरी रुंदीला जेमतेम चार इंच भरतो. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. चांगला रिव्हॉल्व्हर, पसंतीची काडतुसं आणि पक्का टेकू एवढं जमल्यावर शंभर यार्डांवर दोन इंचांत पाच गोळ्या बसल्या, तर ती उत्तम नेमबाजी झाली. तेच वर्तुळ दोनशे यार्डांवर चार इंचांचं होतं, म्हणजे जनावराच्या रुंदीएवढं. वाऱ्याची चूक आणि अंतराच्या अंदाजातली चूक त्यात अजून धरलेलीच नाही. म्हणून रिव्हॉल्व्हरसाठी आम्ही शंभर यार्डांना 'लांब' म्हणतो आणि दीडशेला 'फार लांब'. चारशे यार्डांच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या हातात बहुधा एकबारी पिस्तूल असतं. १९६७ साली आलेलं थॉम्प्सन सेंटर कंटेंडर हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध. त्याला सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचं फिरतं नळकांडं, नसतो, ते रायफलीची काडतुसंही झेलतं, आणि तो खेळच वेगळा.

कोणतं काडतूस

.१७ एचएमआर हे २००२ साली होर्नाडीने आणलेलं काडतूस या कामासाठी आमच्या मते पहिल्या पसंतीचं. रायफलीतून त्याची १७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं बारीक माप) गोळी सेकंदाला २५५० फूट वेगाने निघते. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून वेग बराच उतरतो, तरी शंभर यार्डांपर्यंत मार्ग सपाट राहतो. धक्का नगण्य. त्यामुळे गोळी कुठे लागली ते स्कोपमधूनच दिसतं, आणि पुढची गोळी सुधारता येते. उणीव एकच, वारा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा रायफलीतून सुटलेल्या या गोळीलाही दोनशे यार्डांवर फूटभराहून जास्त ढकलतो. आणि इथल्या मैदानात दहा मैल म्हणजे शांत दिवस.

.२२ मॅग्नम स्वस्त पडतं, पण त्याचा मार्ग इतका सपाट नाही. रुगर सिंगल-सिक्सच्या काही मॉडेलांबरोबर साध्या .२२ चा आणि मॅग्नमचा असे दोन सिलिंडर मिळतात. सरावाला एक, शिकारीला दुसरा. नव्या माणसाला आम्ही डोळे झाकून हेच सुचवतो.

.३५७ आणि .४४ मॅग्नम ही मोठ्या जनावरांची काडतुसं. .४४ ची २४० ग्रेनची नेहमीची गोळी शंभर यार्डांवर नेम जुळवून दोनशेवर मारली तर दोन फुटांहून अधिक खाली उतरते. अंतराच्या अंदाजात वीस यार्ड चुकलात तर गोळी मातीत. शिवाय जड गोळी कडक जमिनीवर आपटून उसळते. घरात .४४ आहेच म्हणून तोच आणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणत नाही, फक्त शंभर यार्डांची रेघ आखून देतो.

.२२ हॉर्नेटसारखी बाटलीच्या मानेची वेगवान काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचा मोह जुना आहे. १९६१ मध्ये स्मिथ अँड वेसनने .२२ रेमिंग्टन जेट या काडतुसासाठी मॉडेल ५३ हा रिव्हॉल्व्हर काढला. त्या काडतुसाची केस, म्हणजे बाहेरचं पितळी कवच, निमुळती. गोळी सुटली की केस मागे सरकून मागच्या पोलादाला टेकायची आणि सिलिंडर फिरायचाच थांबायचा. सिलिंडरच्या कोठीत, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, तेलाचा ओशटपणा असला तर हमखास. मॅग्नम रिसर्चच्या बीएफआर या रिव्हॉल्व्हरमध्ये .२२ हॉर्नेट मिळालेला आहे. तसा कुणाकडे असेल तर सिलिंडरच्या कोठ्या कोरड्या ठेवा, एवढं एक ऐका.

रिव्हॉल्व्हर घेताना

नळी साडेसात ते दहा इंचांची. घोडा ओढून मारायची सवय, म्हणजे सिंगल ॲक्शन, कारण लांबच्या नेमाला ट्रिगर हलका आणि तुटक सुटायला हवा. स्कोपची बैठक फ्रेमवर किंवा नळीवर कारखान्यातूनच असेल तर उत्तम. रुगर सुपर रेडहॉकच्या फ्रेमवर आणि 'हंटर' प्रकारच्या ब्लॅकहॉकच्या नळीवर स्कोप पकडणाऱ्या रिंगांसाठी खाचा कापलेल्याच येतात. नाहीतर भोकं पाडून आटे मारावे लागतात. ते आम्ही करतो, पण त्याचे पैसे पडतात आणि हत्याराची पुनर्विक्रीची किंमतही उतरते.

एक युक्ती फुकट देतो. सिलिंडरच्या सगळ्या कोठ्या नळीशी सारख्या जुळत नाहीत. प्रत्येक कोठीवर पुसता येणाऱ्या शाईने आकडा घाला आणि एकाच कोठीतून पाच गोळ्या मारून बघा, मग पुढची कोठी. बहुतेकदा एखादी कोठी बाकीच्यांपेक्षा फटकून वागते. लांबच्या नेमाला ती रिकामी ठेवायची. अशी एक कोठी सापडली आणि तीन इंचांचा ग्रुप (गोळ्या बसलेलं वर्तुळ) दोनवर आला, असं आमच्या नेमबाजीच्या बाकावर किती वेळा झालंय. लोक तोपर्यंत नव्या स्कोपचे पैसे मोजायला तयार झालेले असतात.

आता स्कोप

रायफलीचा स्कोप रिव्हॉल्व्हरवर चालत नाही. दरवेळी सांगावं लागतं, आणि दरवेळी कुणीतरी ऑनलाइन घेतलेला स्कोप पिशवीतून काढतोच. रायफलीच्या स्कोपला डोळा तीन-चार इंचांवर लागतो. रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरायचा, म्हणून त्याच्या स्कोपची डोळ्याची जागा हाताएवढी लांब असावी लागते. वीस इंचांच्या आसपास, थोडी मागेपुढे. रायफलीचा स्कोप लावून डोळा जवळ नेलात तर पहिल्याच धक्क्याला भुवई फुटेल.

लांब डोळ्याची किंमत चुकवावी लागते ती दृश्याच्या रुंदीत. चार पटीच्या रिव्हॉल्व्हर स्कोपमधून शंभर यार्डांवर आठ-दहा फुटांचाच पट्टा दिसतो, रायफलीच्या तेवढ्याच पटीच्या स्कोपमधून वीस फुटांहून जास्त. पट वाढवली की पट्टा आणखी आक्रसतो, आणि डोळा बरोबर जागेवर असण्याची सूटही कमी होते. बारा पटीवर मान अर्धा इंच हलली की काळोख. जनावर शोधता शोधता ते बिळात गेलेलं असतं.

म्हणून आमचा सल्ला: .१७ आणि .२२ साठी २ ते ७ किंवा २.५ ते ८ पटीचा बदलता स्कोप. बरिस आणि ल्युपोल्ड, दोघांनीही या जातीचे बनवलेले आहेत. जनावर कमी पटीवर शोधा, मग पट वाढवा. ३ ते १२ पटीचा बरिस आम्ही ठेवतो, विकतोही, पण बाकावरून मारणाऱ्यांना. गुडघ्यावर टेकवून मारणाऱ्याला तो दिला तर महिन्याभरात परत येतो. .४४ ला ठरावीक दोन किंवा चार पट पुरे. त्यात बिघडायला कमी आणि वजनही कमी.

समोरच्या काचेजवळ अंतर जुळवायची कडी असेल तर पॅरॅलॅक्स काढता येतो. नाहीतर डोळा किंचित सरकला की क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसतं. चार इंचांच्या लक्ष्याला ते महागात पडतं. क्रॉसहेअर बारीक हवं, कारण जाड रेघ शंभर यार्डांवर अख्खं जनावर झाकते.

रिंगा .२२ ला दोन पुरतात. .४४ ला आम्ही तीन घालतो. स्क्रू आणि आटे तेल पुसून कोरडे करायचे, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले होऊ न देणारा डिंक), आणि टॉर्क रेंचने (जोर मोजून पिळायच्या पान्याने) बनवणाऱ्याने सांगितलेला जोर. हाताच्या अंदाजाने पिळलेल्या रिंगा स्कोपची नळी चेपतात.

टेकू, आणि बोटं कुठे नकोत

स्कोपवर पाचशे डॉलर खर्चून टेकू म्हणून गुंडाळलेलं जॅकेट वापरणारे आम्ही पाहिलेत. पैसे मोजकेच असतील तर स्कोप एक पायरी खालचा घ्या, पण वाळूच्या दोन पिशव्या किंवा बरं तिपाई स्टँड घ्या. रिव्हॉल्व्हर नेहमी त्याच जागी, त्याच घट्टपणाने टेकवा. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आत धक्का सुरू झालेला असतो, त्यामुळे पकड बदलली की गोळीही बदलते. कडक लाकडावर नळी कधीच टेकवू नका.

आणि हे ठळक वाचा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून दर गोळीला तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना उडतात. रायफलीच्या सवयीने डावा हात पुढे, त्या फटीजवळ किंवा नळीखाली ठेवू नका. मोठ्या मॅग्नममध्ये त्याने अंगठ्याला गंभीर इजा होते. शेजारी बसणाऱ्या मित्रालाही मागे बसवा. पिशवीवर त्या जागी चामड्याचा तुकडा टाका, नाहीतर चार दिवसांत वाळू गळायला लागेल. चष्मा हवाच. कानाला आत बोळे आणि वरून मफ, दोन्ही.

व्हिसावर असाल तर आधी हे

आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींत निम्मे एच-वन-बीवर किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात, म्हणून स्पष्ट लिहितो. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्याने हत्यार किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. मित्राचा रिव्हॉल्व्हर रेंजवर हातात घेणं हेही बाळगणंच. या मनाईला अपवाद आहेत, आणि नेहमी लागू पडतो तो अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा. इमिग्रेशनच्या फाइलवर डाग पडण्यापेक्षा त्याची फी स्वस्त.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी सर्वसाधारणपणे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. विक्रेत्याकडून रिव्हॉल्व्हर घ्यायला वय २१ लागतं आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस थांबावं लागतं. गांजा या राज्यात कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही, आणि खरेदीच्या फॉर्मवर तो प्रश्न थेट विचारलेला असतो.

"गावाकडे रानडुकरांसाठी हेच नेता येईल का?" हा प्रश्न दर दिवाळीला येतो. नाही. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. डुक्कर पिकात शिरलं तरी परवानगी वनखात्याकडून घ्यावी लागते.

रानात

स्कोपने जनावर ओळखू नका. ओळखायला गळ्यात वेगळी दुर्बीण ठेवा. कारण हत्यार रोखून ओळख पटवणं ही वाईट खोड, आणि दुसरं कारण घुबड. बिळात राहणारं छोटं घुबड वसंतापासून शरदापर्यंत प्रेअरी डॉगच्याच बिळांच्या तोंडाशी दिवसाढवळ्या उभं असतं. चार पटीतून ते फसवतं. कोलोरॅडोत ते धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

मागे मातीचा बांध असल्याशिवाय गोळी नाही. रँचवाल्याची परवानगी आधी. सार्वजनिक जमिनीवर पिल्लांच्या काळात बंदी असते, त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहूनच निघा. मेलेल्या जनावराला हात लावू नका, कुत्र्यालाही जवळ जाऊ देऊ नका. त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरतो. तांब्याच्या गोळ्या मिळाल्या तर त्या घ्या, शिशाचे कण गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला बिनशिशाचीच गोळी लागते.

दुकानात येताना

रिव्हॉल्व्हर रिकामा, सिलिंडर उघडा किंवा काढलेला, पेटीत बंद. काडतुसं गाडीत. शंभर यार्डांवर मारलेला कागद असेल तर तो नक्की आणा. त्यावरून आम्हाला तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त कळतं. स्कोप कुठूनही घेतलेला असू दे, मूळ खोक्यासकट आणा. रिंगांचा हरवलेला स्क्रू बहुतेकदा त्या खोक्याच्या तळाशीच असतो.