बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पसाठी नाही, वायरसाठी असतो

गाडीत ॲम्प (म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर) बसवताना हमखास ऐकू येतं, "अहो ॲम्पला आहे की फ्यूज, बॅटरीजवळ अजून कशाला?" हे साफ चूक आहे. ॲम्पचा फ्यूज डिकीत, आणि बॅटरीपासून तिथपर्यंतची चार-पाच मीटर वायर पत्र्यातून, सीटखालून जाते, ती मधेच घासून बॉडीला टेकली तर करंट ॲम्पपर्यंत जातच नाही, त्याचा फ्यूज उडणार कसा? वायर तापते, पेटते. पुण्यात कोथरूडला मित्राच्या गाडीत बघितलं, पत्र्याच्या भोकात रबरी बुश नव्हता आणि वायरचं कव्हर घासून आतलं तांबं चमकत होतं, अंगावर काटा आला. म्हणून मेन फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंमीच्या आत हवा.

दुसरं म्हणजे "मोठा फ्यूज टाका, बेस वाढेल". फ्यूजने बेस वाढत नाही हो! ॲम्पवर ३० अँपियरचे दोन फ्यूज असतील तर मेन ६०चा चालतो, पण वायरला तेवढं झेपायला हवं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर अजून जाड घ्या. फ्यूजचा होल्डर पुण्यात नाना पेठेत सहज मिळतो.