हिरड्यांसाठी 'सी'ची गोळी : चाचण्यांमागची पार्श्वभूमी

हिरड्यांतून रक्त आलं की औषधाच्या दुकानातून 'सी' जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या आणायच्या, ही आपल्याकडची जुनी सवय. तिचं मूळ जहाजांवरच्या स्कर्व्हीत, म्हणजे 'सी'च्या कमतरतेने होणाऱ्या आजारात आहे.

मे १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या सर्जनने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी निवडले. सगळ्यांच्या हिरड्या सडलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत त्राण नाही. जेवण सर्वांना एकच, पण प्रत्येक जोडीला उपाय निराळा: कुणाला सायडर (सफरचंदाचं आंबवलेलं पेय), कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सुरू व्हायला १७९५ उजाडलं.

लिंडचे रुग्ण आधीच आजारी होते. धडधाकट माणसाचं 'सी' तोडलं तर काय होतं, हे इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये १९४४ पासून तपासलं गेलं. युद्धात शस्त्र धरायला नकार देणाऱ्यांनी त्यासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं, याचं मला फार मोल वाटतं. २० स्वयंसेवकांपैकी दहा जणांच्या आहारात 'सी' जवळजवळ नव्हतंच. सहा ते आठ महिन्यांनी त्यांच्यात स्कर्व्हीची लक्षणं दिसू लागली, हिरड्याही सुजल्या. ती हटवायला रोज अवघे १० मिलिग्रॅम 'सी' पुरलं.

'सी' कमी पडलं की हिरड्या बिघडतात, हे पक्कं झालं. पण बिघडलेल्या हिरड्या म्हणजे 'सी'ची कमतरता, हे काही त्यातून सिद्ध होत नव्हतं. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या ऑरहूस इथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात ती उतरली. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच कारण होतं.

ल्यो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे ४८० मजूर १९७० पासून पंधरा वर्षं तपासले. दात घासण्याची पद्धत तिथे नव्हतीच, सर्वांच्या दातांवर थर आणि हिरड्यांना सूज. तरी सुमारे ११ टक्के जणांचा आजार सुजेपुढे गेला नाही, तर ८ टक्के जणांच्या दातांचा आधार झपाट्याने खचला. त्या ११ टक्क्यांना कुणी एखादी गोळी दिली असती, तर सगळं श्रेय गोळीलाच गेलं असतं! म्हणून हिरड्यांसाठी 'सी'ची गोळी तपासणाऱ्या चाचणीत बिनऔषधाची, दिसायला तशीच गोळी घेणारा दुसरा गट हवाच, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला कोण कुठल्या गटातलं हे ठाऊक नको.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ११ निरोगी पुरुषांचं 'सी' आलटून पालटून घटवलं-वाढवलं गेलं. 'सी' घटलं की हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण वाढे, भरून दिलं की कमी होई. प्लाक आणि दाताभोवतीच्या खाचेची खोली मात्र बदलली नाही. त्यामुळे अशा चाचणीत नुसतं रक्त येणं मोजून भागत नाही. खाचेची खोलीही मिलिमीटरमध्ये मोजावी लागते, आणि गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं 'सी'सुद्धा.