कुंडीतील स्वयंपाकाच्या सुगंधी वनस्पती

स्वयंपाकात किंवा घरगुती औषधात रोज लागणाऱ्या सुगंधी वनस्पती अंगणात, गच्चीवर, बाल्कनीत वा खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांतून वाढवण्याची पद्धत. महाराष्ट्रात कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, तुळस, पानांचा ओवा आणि कढीपत्ता ही नेहमीची झाडे. शहरांत आता पाश्चात्त्य स्वयंपाकातली बेसिल, रोझमेरी आणि थाईमही दिसतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, गच्चीवरच्या शेतीचा विचार पालापाचोळ्यातून माती घडवण्याशी जोडला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलली.

नवशिक्यांची रोपे पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. जमिनीत जास्तीचे पाणी खाली उतरत जाते. कुंडीत ते तळाशी अडते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे रोप वरून सुकल्यासारखे दिसते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते आणि रोप हातचे जाते. म्हणून ठरावीक वेळ पाळून रोज पेलाभर पाणी ओतण्यापेक्षा मातीत बोट खुपसून पाहावे. दोन पेरांपर्यंत कोरडे लागले तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे, एरवी थांबावे. खालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. त्यात डासही होतात, आणि पावसाळ्यात महापालिकांचे कर्मचारी घरोघर अशाच ताटल्या तपासत असतात.

तळाशी खडीचा थर दिला की निचरा सुधारतो, हा समज मात्र सोडायला हवा. बारीक मातीतले पाणी तिच्याखालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती चिंब झाल्यावरच ते खाली जाते. थराने एवढेच होते, की चिखलाचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे. निचरा सुधारतो तो मातीच्या पोताने. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती नुसती भरली तर ओली असताना चिकट होते आणि वाळल्यावर भेगाळून कुंडीच्या कडा सोडते. तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे लागते. मातीच्या कुंडीच्या अंगातून ओल झिरपून उडते, त्यामुळे ती लवकर वाळते. प्लास्टिकची कुंडी ओल धरून ठेवते. पहिल्या पावसाळ्यासाठी मातीची कुंडी बरी, कडक उन्हाळ्यासाठी प्लास्टिकची.

सुरुवात सगळेजण कोथिंबिरीपासून करतात. खरे तर ती सर्वांत सोपी नाही. धणा हे फळ आहे, त्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटणे हलके फिरवून धण्याचे दोन भाग करायचे आणि ते साधारण एक सेंटीमीटर खोल पेरायचे. जुने धणे उगवत नाहीत, म्हणून ताजे घ्यावेत. उगवायला आठ ते बारा दिवस, थंडीत त्याहूनही जास्त लागतात. तोवर माती उकरून पाहण्याचा मोह टाळावा. सोटमूळ असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला मानवत नाही, तेव्हा 15 ते 20 सेंटीमीटर खोल कुंडीत थेट पेरावे. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिचा काळ. ऊन तापू लागले की ती फुलावर येते. नवी पाने शेपूसारखी बारीक चिरलेली येऊ लागली, की तिची वेळ संपत आली असे समजावे. फुले खुडून ती फार काळ थांबत नाही. दर पंधरवड्याला थोडे धणे पेरत गेले, की हिवाळाभर कोथिंबीर पुरते.

खरोखर सोपा पुदिना. भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की काही दिवसांत मुळ्या फुटतात. त्याला स्वतंत्र कुंडी हवी, कारण त्याची धावती खोडे शेजारच्या झाडाची जागा घेतात. गवती चहाचा ठोंब फोडून लावतात. पानांच्या ओव्याची फांदी खोचली तरी जगते.

तुळस आणि बेसिल एकाच प्रजातिगणातली असली तरी बेसिल जास्त नाजूक. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलच्याच जातीचे बी आहे. दोघींनाही भरपूर ऊन लागते. शेंडे आणि मंजिऱ्या खुडत राहिले तर बगलेतून फुटवे येऊन झाड डेरेदार होते. बी धरू दिले तर पाने लहान आणि विरळ होतात. रोझमेरी आणि थाईम भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्याची झाडे आहेत. कोकणातल्या पावसात ती उघड्यावर ठेवू नयेत. जून ते सप्टेंबर त्यांना पत्र्याखाली उजेडात हलवावे. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उलट अडचण येते, तिथे गच्चीवर हिरवी शेडनेट बांधल्याशिवाय पुदिनाही तग धरत नाही.

कढीपत्ता हे झाड असल्याने त्याला मोठी कुंडी आणि धीर लागतो. त्याच्या पानांवर काळपट-पांढऱ्या ठिपक्यासारख्या अळ्या दिसतात, त्या मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. डिवचले तर डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. ही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची पिल्ले. झाड मोठे असेल तर त्यांना राहू द्यावे, रोप लहान असेल तर उचलून बाजूच्या लिंबावर सोडावे. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने आटोक्यात येतो. यांतल्या बऱ्याच वनस्पतींची पाने कच्ची खाल्ली जातात, त्यामुळे शोभेच्या झाडांचे कीटकनाशक त्यांच्यावर मारू नये.