कढईत तेल, टोपलीत वारा

दुकानात एअर फ्रायरचं प्रात्यक्षिक बघायला उभं राहिलात तर समोर बहुधा फ्रोझन फ्रेंच फ्राइजच येतात. पाकीट फोडलं, टोपलीत ओतलं आणि पंधरा मिनिटांत सोनेरी, कुरकुरीत फ्राइज बाहेर. तेलाचा थेंबही नाही! सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला आलेल्या गर्दीत एखादा तरी म्हणतोच, “तेलाशिवाय कसलं बे तळण?” शंका रास्त आहे. ते फ्राइज कारखान्यातच तेलात अर्धेकच्चे तळून मग गोठवलेले असतात. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचली की त्यात तेल सापडतं. आपण मात्र घरी आल्यावर नुसते चिरलेले बटाटे टोपलीत टाकतो. ते आतून चिवट आणि कडेला करपलेले निघतात, आणि महिन्याभरात यंत्र फ्रीजच्या डोक्यावर जाऊन बसतं.

एअर फ्रायरच्या नावात ‘फ्रायर’ असलं तरी तो छोटा, जोरकस ओव्हन आहे. वर विजेची कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, उतरलं की पुन्हा चालू. एवढाच मामला. पंख्याचा ओव्हनही नवा नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी तसा ओव्हन बनवला होता. आजच्या आटोपशीर रूपातलं यंत्र फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं. नवं काय, तर आकार. चार-पाच लिटरच्या डब्यात तेवढाच जोराचा वारा कोंडला की तो पदार्थाच्या अंगाला घासूनच फिरतो.

वारा लागतो कशासाठी, ते आकडे बघितले की कळतं. एक लिटर तेल एका अंशाने थंड होताना साधारण १८०० जूल उष्णता देतं. १८० अंशांची एक लिटर हवा तेवढीच थंड होताना एक जूलही देत नाही, जेमतेम ०.८. म्हणजे दोन हजारपटींहून जास्त फरक. कढईत वडा सोडला की त्याला चहूबाजूंनी उष्णतेचा साठा भिडतो. टोपलीतल्या वड्याभोवतीची हवा मात्र लगेच दमते. ती हटवून तिच्या जागी ताजी गरम हवा आणत राहणं हे पंख्याचं काम. म्हणून टोपली गच्च भरायची नाही. वड्या एकमेकींना चिकटून बसल्या की मधल्या फटीतून वारा जात नाही आणि त्या वाफेत शिजतात. चार माणसांचं एकाच खेपेत उरकायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरावा. दोन खेपा केल्या तरी दुसरी लवकर होते, कारण डबा तापलेलाच असतो.

आता खरी गोम. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेला की घरोघर कूलर सुरू होतात. बाहेरची हवा भट्टीसारखी, पण कूलरची ओली जाळी हाताला गार लागते, कारण पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोजूल लागतात. टोपलीतल्या ओल्या बटाट्याचं तेच होतं. डबा १८० अंशांवर असला तरी बटाट्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. सुरुवातीचा बराच वेळ तर त्याच्याही पुष्कळ खाली राहतो. यंत्रावर १८० दिसतं, पदार्थाला ते ठाऊकच नसतं. वरचं पाणी उडालं की मगच तापमान चढतं, रंग धरतो आणि पापुद्रा कडक होतो.

नवशिक्यांना दिल्या जाणाऱ्या निम्म्या सूचना इथूनच निघतात. बटाट्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवा, म्हणजे वरचा सुटा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. पण नंतर ते फडक्याने खरोखर कोरडे करा. नुसते निथळून चालत नाही. पनीर टिपून घ्या. भेंडी धुवून लगेच चिरू नका. यंत्र आधी तीन-चार मिनिटं रिकामं तापवून घ्या, म्हणजे वाळवणं पहिल्या मिनिटापासून सुरू होतं. आणि कोथिंबीर वडी इतकी छान का होते, याचंही उत्तर यातच आहे. ती आधी उकडलेली असते, बेसन घट्ट बसलेलं असतं, गार होताना वरची ओल गेलेली असते. टोपलीला फक्त शेवटचं काम उरतं. वड्यांना बोटाने तेल चोळा, १९० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. अळूवडीलाही हाच हिशोब लागू.

तेल चोळायचं म्हटलं की काहींचा हिरमोड होतो. पण एक चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, जेमतेम ४० कॅलरी, आणि तेवढ्यात टोपलीभर वड्या होतात. तो चमचा बरंच काम करतो. खडबडीत पृष्ठभागातल्या बारीक फटी भरून तो उष्णता आत पोचवतो, रंग सारखा आणतो, आणि मसाल्यातले तेलात विरघळणारे स्वाद मोकळे करतो. कोरडं तिखट-मीठ नुसतं भुरभुरलं तर वाऱ्याने उडून तळाशी जळतं, ते वेगळंच. कढईत हिशोब उलटा असतो. तळताना आतून सुटणारी वाफ तेलाला बाहेर रेटत असते, तेच ते बुडबुडे. पदार्थ बाहेर काढल्यावर वाफ निवते, आतला दाब उतरतो आणि अंगाला लागलेलं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल वडा झाऱ्यावर आल्यानंतरच पितो! म्हणून कढईतलं तळण गरम असतानाच झटकून निथळून घ्यावं.

आपल्याकडे करडईचं घाण्याचं तेल आवडीने वापरलं जातं. चवीला उत्तम, पण न गाळलेलं, न शुद्ध केलेलं तेल रिफाइंडपेक्षा फार लवकर धुरावतं. १८०-२०० अंशांच्या कामाला रिफाइंड शेंगदाणा किंवा करडई बरं. घाण्याचं तेल वरून घ्यायला ठेवा.

रंग आणि खमंगपणा येतो तो बहुतांशी मायार अभिक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. अमिनो आम्लं आणि साखरा तापून शेकडो नवी संयुगं बनतात. १४० अंशांच्या आसपास वेग चांगलाच वाढतो. ‘एअर फ्रायर म्हणजे आरोग्य’ असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. याच वाटेने बटाट्यासारख्या पिठूळ पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइडही तयार होतं; अन्नात ते असल्याचं २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आहे, माणसांबाबतचा पुरावा तितका ठाम नाही. वारा असो की तेल, पदार्थ जितका गडद तितकं ते जास्त. सोनेरी रंगावर थांबायचं, तपकिरीपर्यंत न्यायचं नाही. बटाटे भिजवून थोडी साखर काढली की अ‍ॅक्रिलामाइडही कमी बनतं, हा भिजवण्याचा आणखी एक फायदा.

सुरुवात कशाने करावी असं मला कोणी विचारलं तर मी फ्राइज सांगत नाही, शेंगा सांगतो. शेंगा चटणी सोलापूरच्या घरात कायम लागते, आणि दाणे भाजणं हे या यंत्राला जमणारं सगळ्यात सोपं काम. दाण्यात ओल मुळात कमी आणि जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. वाळवायला फारसं काही नाही, तेल आधीच आत. पाव किलो दाणे एका थरात पसरा, १५० अंश, दहा ते बारा मिनिटं. निम्म्यावर टोपली हलवा. आठव्या मिनिटानंतर कान आणि नाक दोन्ही उघडे ठेवा. सालं तडकल्याचा बारीक आवाज येतो आणि कच्चा हिरवट वास जाऊन खमंग वास सुटतो. तो वास प्रामुख्याने पायराझिन नावाच्या संयुगांचा, तीही मायारचीच देणगी. एक दाणा काढून चोळा: साल सहज सुटली आणि आतला रंग फिकट बदामी असला की बंद करा. मनासारखा रंग यायची वाट बघू नका. दाण्याच्या पोटातलं तेल गरम असतं आणि बाहेर काढल्यावरही मिनिट-दोन मिनिटं भाजणं चालूच राहतं. लगेच परातीत पसरून टाका. तव्यावर पडतात तसे काळे डाग इथे पडत नाहीत, कारण कुठलाच दाणा तापलेल्या लोखंडावर टेकून बसलेला नसतो. पुढे लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटायचं. उखळात कुटताना दाण्याचंच तेल सुटून चटणीला जो ओलसरपणा येतो, त्याला मात्र यंत्रात पर्याय नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवला तर त्याच्या जवळपास जाता येतं.

शेंगा जमल्या की कडक भाकरी घ्या. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही. पातळ थापलेली भाकरी भाजून पूर्ण वाळवली की तिच्यातला स्टार्च काचेच्या अवस्थेत जातो. शास्त्रज्ञ खरंच ‘काच’ हाच शब्द वापरतात: रेणू जागच्या जागी गोठलेले, वाकायला जागा नाही, म्हणून दाब पडला की ‘कट्’ करून तुटतं. त्या तुटण्याला आपण कुरकुरीत म्हणतो. पाण्याचे थोडे रेणू आत शिरले की ते स्टार्चच्या साखळ्यांना वंगण घालतात, काच रबरासारखी होते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की भाकरी सादळते, ते हेच. १५० अंशांवर दोन-तीन मिनिटं फिरवली की पाणी जातं आणि भाकरी पुन्हा पूर्वीसारखी होते. बाहेर काढल्या क्षणी ती मऊ लागेल, घाबरू नका. काच गार झाल्यावरच काच होते. याच कारणाने टोपलीतली कुठलीही गोष्ट कडक झाली की नाही, हे ती कोमट झाल्यावर तपासावं. नाहीतर ‘अजून दोन मिनिटं’ करत करत करपते. ताज्या वड्या मात्र लगेच खाव्यात. आतला ओलावा हळूहळू पापुद्र्यात येतो आणि अर्ध्या तासात सगळी मेहनत मऊ पडते. सादळलेला चिवडा, शेव, फरसाण यांनाही भाकरीचाच उपाय चालतो.

यात एक धोका आहे. भाकरीचा तुकडा, पापड, कढीपत्ता हे सगळं हलकं, आणि पंखा जोराचा. ते उडून वरच्या कॉइलला चिकटतं आणि जळतं. वर स्टीलची छोटी जाळी ठेवा. कढीपत्ता तेलात घोळून जड करून घ्या.

काय जमत नाही, तेही आधीच कळलेलं बरं. भजीचं सरसरीत पीठ कढईत पडताक्षणी तेल त्याला चहूबाजूंनी घट्ट धरतं. टोपलीत ते घट्ट व्हायच्या आत जाळीतून गळून जातं. पाणी अगदी कमी करून कांदा घट्ट मळला तर एक खाण्यासारखा प्रकार होतो, पण तो भाजलेला कांदा-वडा. त्याला भजी म्हणायचं धाडस मी करणार नाही. पुरीला दोन्ही बाजूंनी एकदम उष्णता लागते, म्हणजे आतली वाफ फुगवायला पुरते. वारा ती सावकाश देतो आणि पुरी फुगायच्या आधी वाळू लागते. भरताचं वांगं मात्र छान मऊ होतं: तेलाचं बोट लावून, सुरीने दोन-चार टोचे मारून (नाहीतर आतल्या वाफेने फुटतं), २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. पण विस्तवावर साल जळताना जो धूर गरात उतरतो, तो इथे नाहीच. चुलीच्या भरताची आठवण काढणाऱ्यांच्या पुढे हे ठेवू नका.

विकत घ्यायच्या आधी ओट्यावरचा प्लग बघा. १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. मिक्सरसाठी असलेला ६ अँपिअरचा साधा प्लग त्याला पुरत नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा, आणि मध्ये स्वस्तातली एक्स्टेन्शन बोर्ड नको. वीज त्या मानाने कमी लागते: कॉइल अखंड चालू राहिली असं धरलं तरी वीस मिनिटांना अर्धा युनिट, आणि थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो म्हणून त्याहून कमीच. मागची गरम हवा जायला भिंतीपासून वीतभर जागा सोडा. टोपलीवरचा नॉनस्टिक थर साधारण २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो. यंत्र २०० च्या आसपासच थांबतं, त्यामुळे तापमानाने तो सहसा बिघडत नाही. तो बिघडतो तारेच्या घासणीने. टोपली कोमट पाण्यात थोडा वेळ भिजत घाला आणि स्पंजने पुसा. वरच्या कॉइलकडेही अधूनमधून बॅटरी मारून बघा, यंत्र पूर्ण गार झाल्यावर आणि प्लग काढून. पुढच्या वेळी धूर येतो तो बहुधा तिथे साचलेल्या जुन्या तेलाचा असतो.